चोरचांदणी

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथीच्या जुड्या बांधणं.

श्रावण सरत आला होता. पावसानं उघडीप दिली होती म्हणून दुपारी मेथी उपटून आणली. दिवस मावळताना अंगणात पोतं अंथरून आम्ही बसलो. तिचे गुडघे वाकत नव्हते, ती भिंतीला टेकून पाय लांब करून बसायची. मधे पाण्याचं घमेलं, त्यात बांधायला केळीच्या सोपटाच्या पट्ट्या भिजत घातलेल्या. तिनं जुडी धरायची, मी बांधायची. चाळीसच्या वर वर्षं हेच.

ती जुडी मोठी धरायची. मी म्हणालो, "अवं, एवढी जुडी? गिऱ्हाईक म्हंजे काय म्हैस हाये का?"

"मुठीत मावते तेवढी धरते. माही मूठ मोठी, त्याले मी काय करू?"

तिची मूठ माझ्या अर्धी होती.

नात आत भाकरी थापत होती. थापत म्हणजे नकाशे काढत होती. एक भाकर गोल येईल तर शपथ.

आणि विषय तोच होता, आठ दिवसांपासून चाललेला. ही नात माझ्या मुलाची मुलगी. मुलाचं अकोल्यात दुकान, सूनही दुकानातच, म्हणून पोट्टी लहानपणापासून आमच्याजवळ वावरात वाढली. बारावी झाली, मग बापानं तिला अमरावतीला राजापेठेत डॉक्टरकीच्या क्लासला ठेवलं. मार्क कमी पडले. नर्सिंगला अकोल्यातच नंबर लागला, बाप म्हणाला, झालं, देवानं दिलं. पण पोट्टी म्हणे, मला अमरावतीच्या कॉलेजात फिजिक्स शिकायचं आणि पुढं आकाशाचं. ताऱ्यांचं. खगोलशास्त्रज्ञ व्हायचं. तिथंही तिचं नाव यादीत आलं होतं. जाऊन नक्की करायला परवाचा दिवस शेवटचा होता. मुलानं हात झटकले, "बाबा म्हनतीन तसं." पोट्टी माझ्या तोंडाकडं पाहायची. आणि मी काही बोलत नव्हतो.

"तुमी बोलून कावून नाई राहिले जी?" जुडी पुढं करत बायको म्हणाली.

"काय बोलू? नर्सिंगचं बरं हाये. शिकली का ड्युटीवर. हे शिकनं तं सरतच नाई म्हन्ते. मंग पोट्टी जाईन कुठी तरी, डोंगरावरच्या दुर्बिनीवर नाई तं परदेशात."

"जाईन तं जाईन."

"आन् आपलं कसं?"

"आपन दोघं हावो ना एकमेकाले. बाज धरून बसू." असं म्हणून तिनं मेथीच्या मातीनं भरलेलं बोट वर केलं. निंबाच्या वर ढग फाटले होते आणि तिथं बाज निघाली होती.

बाज म्हणजे शहरातले लोक ज्याला सप्तर्षी म्हणतात ती. आमच्याकडं ते ऋषी नाहीत. चार तारे हे म्हातारीच्या बाजेचे चार पाय, आणि मागचे तीन हे चोर. चोर बाज ओढून नेतात, पण म्हातारी बाजेवर बसली आहे, ती झोपत नाही, म्हणून त्यांना नेता येत नाही. बायकोनं ही गोष्ट आधी आमच्या पोराला सांगितली, मग नातीला. पोरगा ऐकता ऐकता झोपायचा. पोट्टी झोपायची नाही, विचारायची, "म्हातारी मेली तं?"

"मरत नाई. बाज जाईन ना मंग."

मीच त्या संध्याकाळी हरलो. म्हणालो, "बरं. सकाळी सांगतो तिले. जाय म्हनतो."

"आताच सांगा."

"सकाळी म्हटलं ना. भाकरी तं थापू दे. आता सांगतलं तं हरकून तव्यावरच टाकीन नकाशे."

ती हसली. जुड्या संपल्या. मी त्यांच्यावर ओलं पोतं टाकलं, तिनं घमेल्यातलं पाणी तुळशीला घातलं, आणि आम्ही जेवायला गेलो. एवढंच. काही विशेष झालं नाही.

आकाशाचं हे वेड पोट्टीला आमच्याच घरातून लागलं, म्हणून तिला दोष देता येत नाही.

आमचं लग्न झालं तेव्हा घरात घड्याळ नव्हतं. भाजी पहाटे अकोल्याच्या बाजारात पोचली तर भाव, नाही तर गुरांपुढं. बंडी जुंपायची कधी, हे चांदणीवर. दिवस निघायच्या आधी पूर्वेला मोठी चांदणी येते, शुक्राची. ती आली की निघायचं. पण काही दिवसांत तिच्या आधी दुसरी एक येते, तशीच मोठी. अडाणी माणूस फसतो. तिला आमच्याकडं चोरचांदणी म्हणतात.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी फसलो. वांग्यांची बंडी भरून ठेवली होती. उठलो, पाहिलं, म्हटलं निघाली. ती दारात उभी राहून म्हणाली, "अवो, ते खरी नाई. चोर हाये." नवी नवरी मला चांदण्या शिकवते म्हणून मला राग आला. म्हटलं, बस बंडीत. अकोल्याला पोचलो तर बाजाराचं फाटक बंद, सगळं आंधारं, राखणदार आणि कुत्री. राखणदारानं कंदील वर करून विचारलं, "काय पाटील, कालचा बाजार का उद्याचा?" आम्ही वांग्यांवर बसून राहिलो. थंडी होती. तिनं फडक्यातली भाकर सोडली, त्यावर मिरचीचा ठेचा, आणि मला अर्धी दिली. एक शब्द बोलली नाही. मग खूप वेळानं पूर्वेला खरी चांदणी आली, तेव्हा मात्र तोंडाला पदर लावून इतकी हसली की बैल दचकले.

"तुले कसं समजलं?" मी विचारलं.

"चोर हा हळदीच्या बोटावानी पिवळा. खरी ज्वारीच्या पिठावानी पांढरी. पाहा ना."

मी पाहिलं. मला दोन्ही सारख्याच दिसल्या. त्या दिवसापासून चांदणी तिनं पाहायची आणि बैल मी जुंपायचे, असं ठरून गेलं. पुढं बंडी गेली, टेम्पो आला. मग मोबाइल आला, तो कोंबड्यासारखा आरवतो. तरी ती रोज बाहेर जाऊन वर पाहून यायची आणि मी विचारायचो, "कोनती हाये वं?" गरज नव्हती. पण विचारल्याशिवाय मला चहा गोड लागत नव्हता.

पोट्टी सातवी-आठवीत असताना एक दिवस पुस्तक घेऊन आली. म्हणाली, "आजी, तुहा चोर म्हंजे गुरू ग्रह हाये."

हिच्या हातातला विळा थांबला. ती दर गुरुवारी उपास धरायची. "अवं माय! मी गुरुलेच चोर म्हनत होती इतके वर्सं?" मग थोडा विचार करून म्हणाली, "तरीच. उपास पावला नाई कधी."

आणखी एकदा पोट्टीनं सांगितलं, आजी, ही बाज कायमची नाही. हे तारे वेगवेगळ्या दिशेनं चालले आहेत, लाखभर वर्षांनी बाजेचा आकार मोडणार.

"तवापर्यंत सुताराले सांगून ठेवू," ती म्हणाली.

गावात बातमी पसरली की आमची नात ताऱ्यांचं शिकणार. शेजारची बाई भाचीची पत्रिका घेऊन आली. पोरीला मंगळ आहे, पाहून दे म्हणाली. पोट्टीनं किती सांगितलं, काकू हे ते नाही, मी ज्योतिषी नाही. बाई हटेना. शेवटी पोट्टी म्हणाली, "काकू, मंगळ मी पाह्यला. लाल मातीचा हाये, आपल्या बरडावानी. त्याले तुमच्या भाचीचं नावबी माहीत नाई." बाई आठ दिवस आमच्या घरी आली नाही. आम्ही दोघं सुखात होतो.

हे काम म्हणजे नेमकं काय, हे मात्र आम्हालाही समजत नव्हतं. मला वाटायचं, रात्रपाळीचं काम असेल, राखणदारासारखं. मागच्या हिवाळ्यात पोट्टी आम्हाला अमरावतीला घेऊन गेली. कॉलेजच्या गच्चीवर संध्याकाळी दुर्बीण लावली होती, लोकांना दाखवायला. शाळेची पोरं, वकील, मास्तर, धोतरातले गुरुजी, सगळे रांगेत. आमच्याजवळ भाजीची पिशवी होती, ती मी धरली. दुर्बीण दाखवणाऱ्या प्राध्यापक बाई लहानखुऱ्या, स्वेटर घातलेल्या, मफलर बांधलेल्या, आवाज बसलेला.

आधी मी डोळा लावला. माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. मला फक्त माझी पापणी दिसली. मागच्या माणसाला घाई होती म्हणून मी म्हटलं, दिसलं, आणि बाजूला झालो.

ती मात्र हटली नाही. गुडघे धरून वाकली आणि तशीच राहिली. मागं रांग कुरकुरायला लागली. मग म्हणाली, "अवो! चोर हाये! आन् त्याचे चार साथीदार हायेत, एका ओळीनं!"

प्राध्यापक बाई हसल्या. म्हणाल्या, "ते गुरूचे चंद्र आहेत, आजी. पण साथीदारच म्हणा, मला आवडलं."

रांग संपल्यावर तिनं बाईंना गाठलं. भाजी घेताना गिऱ्हाईक जसं उलटून-पालटून पाहतं, तसं विचारायला लागली. "बाई, ह्याच्यात पोटापुरतं भेटते का? खरं सांगा."

बाईंनी खरं सांगितलं, म्हणून मला त्या आवडल्या. म्हणाल्या, "आजी, दुर्बिणीवर काम करणारे थोडे. जागा कमी, शिकणं लांब. पदवी, त्याच्या पुढची पदवी, मग संशोधन. बरेच जण शेवटी शिकवतात, माझ्यासारखे. काही कॉम्प्युटरच्या कंपनीत जातात, कारण गणित पक्कं होतं. रिकामं सहसा कोणी राहत नाही. पण लवकर काही मिळत नाही."

"आन् रात्रीचं जागावं लागते?"

"आता कमी. दुर्बीण कुठं तरी लांब डोंगरावर असते, आम्ही दिवसा खोलीत बसून तिनं आणलेले आकडे पाहतो. कित्येकांनी वर्षभरात डोळ्यानं तारा पाहिलेला नसतो."

हे ऐकून तिला फार वाईट वाटलं. येताना बसमध्ये पोट्टीला म्हणाली, "हे पाय. तू शिक. पन रोज एकदा भायेर येऊन वर पाह्यत जाय. कामासाठी नाई. असंच."

पोट्टी म्हणाली, "हो आजी."

"शपथ घे."

"बसमधी?"

"मंग कुठी, देवळात? घे."

पोट्टीनं शपथ घेतली. कंडक्टर पाहत होता. मी झोपेचं सोंग घेतलं. मला तेव्हाच समजलं होतं की ही पोट्टी जाणार, आणि मला ते नको होतं. घरात ती असली की घर बोलतं. आम्ही दोघं म्हणजे दोन जुन्या बादल्या, आपटल्या तरच आवाज.

मेथी बांधली त्याच्या दुसऱ्या पहाटे मला कावळ्यांनी उठवलं. उजाडलं होतं. तिथंच मला कळायला पाहिजे होतं, कारण कावळ्यांच्या आधी ती उठवायची. मी म्हणालो, "अवं, बाजार गेला ना." ती कुशीवर होती, हात उशाखाली. हात लावला तर थंड.

झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. मी म्हणालो, असेल. आणखी काय म्हणणार? उभ्या जन्मात जिचा बाजार चुकला नाही, तिचा त्या दिवशी चुकला.

मग घर माझं राहिलं नाही. लोक आले, बाया आल्या, मुलगा-सून आले. पाऊस थांबलेला होता म्हणून दुपारीच नदीवर नेलं. लाकडं ओली होती. त्याचं जास्त लिहीत नाही.

संध्याकाळी शेजारच्यांनी कडू घास आणला, पिठलं-भाकर. भाकरी गोल होत्या. मी घास गिळला. माझा चुलतभाऊ अंगणात बसून सगळ्यांना सांगत होता, दहाव्यापर्यंत घरच्या कोणी शीव ओलांडायची नाही, तिसऱ्या दिवशी राख सावडायची, असं सगळं. मला कोणी काही विचारत नव्हतं. तेव्हा पोट्टी माझ्याजवळ येऊन बसली. डोळे सुजलेले. म्हणाली, "आबा, मी नर्सिंग घेते. अकोल्यातच हाये, घरून येनंजानं करीन."

मी म्हणालो, "आन् अमरावती?"

"उद्या शेवटचा दिवस हाये. सुतकात कोन जाते? आन् तुमची भाकर कोन करन?"

सगळे म्हणाले, शानी पोट्टी. तिच्या बापाला हायसं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू? मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आपण दोघं आहोत ना, असं म्हणणारी गेली होती. आता दोघं म्हणजे मी आणि ही पोट्टी. देव एक नेतो आणि एक ठेवतो, असा हिशेब मी मनात करून टाकला आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी मला कोणी उठवलं नाही, तरी मी आंधारात उठलो. अंगणात माणसं पांघरुणं घेऊन पडली होती. मी त्यांच्यातून वाट काढत भिंतीजवळ गेलो आणि मेथीवरच्या पोत्यावर पाणी शिंपडलं. शिंपडल्यावर आठवलं की आता बाजार नाही.

पूर्वेला ढग फुटले होते. वावराच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीवर एक चांदणी होती, मोठी. त्या दिवसांत दोन्ही येत होत्या, आधी चोर, मागून खरी. पण दिसत होती एकच. ही कोणती? मी ऑपरेशन झालेला डोळा मिटून पाहिलं, हळदीसारखी पिवळी. दुसरा मिटून पाहिलं, पिठासारखी पांढरी. एक डोळा म्हणे चोर, दुसरा म्हणे खरी.

"कोनती हाये वं?" मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो.

अंगणातल्या एकानं कूस बदलली, बस.

मी तसाच उभा राहिलो. तिनं बसमध्ये घातलेली ती शपथ आठवली. ही पोट्टी माझ्या भाकरी थापत राहिली तर बाहेर येऊन वर पाहील का? पाहील, चूल पेटवायला उशीर झाला का ते पाहायला. आणि मी आपला तिला रोज विचारीन, ती सांगेल, आणि मला चहा गोड लागेल. माझी सोय चांगली होती. पण मी सकाळी सांगतो असा शब्द दिला होता, आणि एक सकाळ तर गेली होती.

आत बायांच्या मधे ती झोपली होती. मी पायाला हात लावून उठवली. "ऊठ. भायेर ये."

ती घाबरून आली. "काय झालं आबा?"

"ते पाय. चोर हाये का खरी?"

तिनं डोळे पुसले, वर पाहिलं. घाई केली नाही. पदराऐवजी ओढणी होती, नाही तर उभं राहणं तसंच.

"खरी हाये. चोर वर हाये, त्या ढगात. तो तं कवाचाच निघाला."

"पक्कं?"

"पक्कं, आबा."

"मंग पह्यली गाडी भेटन. तोंड धू. कागदं घे. अमरावतीले जायचं हाये."

तिनं अंगणात झोपलेल्या माणसांकडं पाहिलं. मग म्हणाली, "आबा, सुतक हाये ना."

"सुतक मले हाये. कालेजाले नाई."

"आन् तुमची भाकर?"

"तुह्या भाकरी मी पाह्यल्या हायेत. त्याच्यासाठी कोनी घरी राहत नाई." तिला हसायला आलं आणि त्यातच रडायला आलं. मी म्हणालो, "तुह्या आजीले मी शब्द देल्ता, सकाळी सांगतो म्हनून. काल राह्यलं. आज सांगून राहिलो. जाय."

ती आत गेली. तोपर्यंत मी मेथीवरचं पोतं काढलं. पानं कडेनं पिवळी पडली होती. शेजारच्या गायीपुढं जुड्या ठेवल्या आणि एकेक बंद सोडत गेलो. बंद माझेच, गाठी घट्ट होत्या. काही नखानं सोडाव्या लागल्या.

मुलगा जागा झाला. बाजेवर उठून बसला. "बाबा, कुठी चालले?"

"अमरावती."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग दारात कपडे करून उभ्या असलेल्या पोट्टीकडं. शेवटी म्हणाला, "छत्री न्या. ढग हायेत."

आम्ही धुऱ्यानं फाट्यावर आलो. उजेड फुटत होता. गाडी आली, मागचं बाक मिळालं. कंडक्टरनं विचारलं, "किती?"

मी म्हणालो, "दोन. अमरावती."